सूर्य दहा वाजता मावळतो त्या गावी



परदेशात आठ-आठ दिवस राहायचं तर स्वयंपाकाचं कसं करता, नियम कसे पाळता, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारतात. आज त्यावरच लिहिते, पण जरा लांबून सुरुवात करते, कारण ही सहल मुळात माझी नव्हतीच. ती ह्यांची होती, आणि तीसुद्धा गोल्फ खेळण्यासाठी. हसू नका. मीही आधी हसलेच होते.

२०१६ साली ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. महिनाभर बागेत फेऱ्या मारल्या, मग कंटाळले. ऑफिसातल्या एका मित्राने येरवड्याच्या गोल्फच्या मैदानावर नेलं आणि तिथे मात्र हे चार-चार तास चालू लागले. साखर खाली आली, वजन उतरलं, रात्रीची झोप लागायला लागली. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं, तरी मी करत होते. आपल्या बारा व्रतांतलं अनर्थदंडव्रत तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात प्रमादचर्या येते, म्हणजे कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं. ह्यांची काठी चेंडूऐवजी जमिनीला लागते तेव्हा तळहाताएवढं गवताचं ढेकूळ मातीसकट उडतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच, "अहो, हे काय! किती जीव असतील त्यात!" हे खजील झाले. तेव्हापासून ढेकूळ शोधून आणतात, जागेवर बसवतात आणि पायाने हलकेच दाबतात. गवत पुन्हा धरतं. खेळाची रीतच आहे म्हणे ती, पण सगळे कुठे पाळतात? हातमोजाही मी बदलायला लावला. गोल्फचा चांगला हातमोजा मेंढीच्या कातड्याचा असतो, हे मला त्याच्या पाकिटावर वाचून कळलं. आता साध्या कृत्रिम कापडाचा वापरतात.

तर २०१८ च्या दिवाळीनंतर हे एक वही घेऊन बसले. पुढच्या वर्षी साठी, मुलगी-जावई ॲबर्डीनला, आणि स्कॉटलंड म्हणजे या खेळाचं माहेर. वहीत नऊ दिवस आणि सहा मैदानं मांडली होती. सेंट अँड्र्यूज, कार्नुस्टी, तिथून नैऋत्येच्या किनाऱ्यावर ट्रून आणि टर्नबेरी, मग उलटं वर नेर्न, आणि अगदी उत्तरेला डोरनॉक. दर दोन दिवसांनी हॉटेल बदलायचं. टर्नबेरीहून डोरनॉक म्हणजे गाडीने पाच-सहा तास. रंगीत पेनांनी सगळं आखलेलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत घरच्या किराण्याची यादीसुद्धा ह्यांनी कधी केली नव्हती.

मी म्हटलं, "एवढी धावपळ कशाला? राहिलं तर पुढच्या वेळी."

वहीतून मान वर न काढता म्हणाले, "पुढची वेळ धरूनच चालायचं असं कुठे आहे?"

मी स्वयंपाकघरात निघून आले. तिथे सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सासूबाई तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या, मूळच्या सांगलीकडच्या. पासष्टाव्या वर्षी शिखरजीची यात्रा करून आल्या आणि त्यांनी दिग्व्रत घेतलं: पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. या मर्यादेबाहेर आयुष्यात पाऊल टाकायचं नाही. नातीच्या घरीही म्हणूनच गेल्या नाहीत. मला वाटलं, आता ह्या मुलाला बोल लावणार, परदेश कशाला म्हणून.

त्या म्हणाल्या, "मर्यादा मी माझ्यापुरती घेतली गं, त्याला कशाला अडवू? पण त्याला सांग, एक गाव धर म्हणावं. मी नेम घेतला तेव्हा लोक म्हणाले, म्हातारीनं कोंडून घेतलं. मला तर त्या दिवसापासून मोकळं वाटायला लागलं. कुठं जायचं राहिलं, ह्याचा घोरच संपला."

दुसऱ्या दिवशी मी वही हातात घेतली. देशव्रत ठराविक काळापुरतं घेता येतं. सासूबाईंसमोर बसून मी ते घेतलं: स्कॉटलंडमधले ते सात दिवस एका गावात मुक्काम, आणि दोन्हीकडे अर्ध्या तासाच्या पलीकडे जायचं नाही. ह्यांना सांगितलं, "तुम्हाला जायचं तर जा खुशाल. पण मी बरोबर हवी असेन तर ही चौकट." हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कुठलं गाव?"

खरं सांगते, गाव शोधण्यात मला मजा आली. सेंट अँड्र्यूज सगळ्यांच्या तोंडी असतं, म्हणून आधी तेच पाहिलं. पण तिथल्या ओल्ड कोर्सवर आगाऊ जागा मिळणं मुश्कील. नाही मिळाली तर दोन दिवस आधी सोडतीत नाव घालायचं आणि लागतं का बघत बसायचं. रविवारी तर तिथे खेळच बंद असतो. सात दिवस ह्यांनी फोनकडे बघत काढले असते आणि मी ह्यांच्या रक्तदाबाकडे. पश्चिमेच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात मिज नावाचे चिलटासारखे बारीक किडे थव्याने अंगावर येतात. चावतातही. हाताने झटकलं तरी दहा-वीस मरणार. मला तो प्रकार नकोच होता. वारा असला की ते उडत नाहीत, म्हणून उघडा, वाऱ्याचा पूर्व किनारा बरा. असं करत करत बोट आलं डोरनॉकवर.

डोरनॉक हे सदरलँड परगण्यातलं लहानसं गाव. वस्ती हजार-बाराशेची. मधोमध तेराव्या शतकातलं दगडी चर्च, त्याच्याभोवती दोन-चार रस्ते, आणि रस्ता संपला की समुद्र आणि गोल्फचं मैदान. रेल्वे नाही. एक फाटा होता तो १९६० सालीच बंद झाला. इनव्हरनेसहून गाडीने सुमारे तासाभरात पोचतो. इतक्या लहान गावात १६१६ साली गोल्फ होत होतं याची नोंद आहे. सदरलँडचा तेरावा अर्ल लहान असताना इथे शिकायला होता, त्याच्या खर्चाच्या हिशोबात धनुष्यबाणाबरोबर गोल्फच्या काठ्या आणि चेंडू लिहिलेले आहेत. कुणाच्या तरी कारकुनाने मुलाच्या खेळण्यांचा खर्च टिपून ठेवला, आणि चारशे वर्षांनी आपण तो वाचतोय. मी घरखर्चाची वही ठेवते म्हणून सगळे मला हसतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आताचा क्लब १८७७ चा. १९०६ मध्ये त्याला 'रॉयल' म्हणवून घ्यायचा मान मिळाला. अमेरिकेतली मोठमोठी मैदानं आखणारा डोनाल्ड रॉस याच गावात १८७२ साली जन्मला. हे सगळं मला ह्यांनी झोपायच्या वेळी इतक्यांदा सांगितलं की पाठ झालंय. आमच्या चौकटीसाठी महत्त्वाचं दुसरंच होतं. डोरनॉकला दोन मैदानं आहेत, मोठं चॅम्पियनशिप आणि दुसरं स्ट्रुई. उत्तरेला गोल्स्पी आणि ब्रोरा, दक्षिणेला पुलापलीकडे टेन. सगळी अर्ध्या तासाच्या आत. पाच मैदानं आणि रात्री बिछाना एकच.

ज्या मैत्रिणींच्या घरी हा खेळ शिरला आहे त्यांच्यासाठी सांगते, आधी विमानाचं तिकीट काढू नका. आधी मोठ्या मैदानावर खेळायची वेळ मिळवा. बाहेरच्यांसाठी ठराविकच वेळा असतात, महिनोन्‌महिने आधी भरतात आणि हँडिकॅपचा दाखला मागतात. तो आपल्या क्लबकडून आणायचा. त्या तारखेभोवती घर बघा, मग तिकीट. पैशांचंही सांगून टाकते. मोठ्या मैदानाची एका फेरीची फी शंभर पौंडांच्या बरीच वर होती. स्ट्रुई, गोल्स्पी, ब्रोरा त्या मानाने पुष्कळ स्वस्त. म्हणून मोठ्यावर एकदाच, बाकी तीन दिवस लहानांवर, आणि प्रत्येक खेळाच्या दिवसानंतर एक दिवस पूर्ण मोकळा. मोकळे दिवस ह्यांना फार खटकले. "पैसे खर्चून बसायला जायचं?" मी म्हटलं, हो. पिशवी खांद्यावर घ्यायची नाही, चाकाची ट्रॉली भाड्याने घ्यायची, हेही त्याच वेळी कबूल करून घेतलं.

तारीख जूनच्या सुरुवातीची धरली, म्हणजे चातुर्मास लागायच्या आत परत. सासूबाईंजवळ राहायला जयसिंगपूरहून नणंद आली.

आता सामानाचं. घर स्वयंपाकघर असलेलंच घ्यायचं, यात तडजोड नाही. तिकडच्या जेवणात बटाटा आणि सलगम हेच मुख्य, आणि सुपाच्या प्रत्येक भांड्यात कांदा. मी लहान कुकर, मूगडाळ, तांदूळ, कणीक, मेतकूट, खाकरे, बिनलसणाचं भडंग आणि पाणी गाळायचं फडकं एवढं नेलं. तूप आणि पेढे भरलेले परत काढले, कारण दुधाचे पदार्थ आपल्याकडून तिकडे न्यायला बंदी आहे. तूप तिथलं लोणी कढवून केलं, छान झालं. चीज घेताना पाकिटावर शाकाहारी लिहिलंय का ते बघायचं, नाहीतर त्यात वासराच्या पोटातलं रेनेट असतं. दुधी-तोंडलं मिळणार नाही हे धरूनच चालले होते. कोबी, वाटाणे, फरसबी, ढोबळी मिरची यावर सात दिवस सहज निघतात.

घरमालकीणबाई फार प्रेमळ. आम्ही पोचलो तर टेबलावर स्वागताची टोपली: दूध, शॉर्टब्रेड, हेदरच्या फुलांचा मध आणि टेनच्या कारखान्यातल्या व्हिस्कीची छोटी बाटली. मद्य, मांस, मधु या तीन मकारांपैकी दोन दारातच उभे! मी दोन्ही जपून कपाटात ठेवले आणि निघताना त्यांना परत दिले, बरोबर भडंगाचा डबा. मध का नको, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. माशांच्या घराचं ते अन्न, आम्ही घेत नाही, म्हटलं. त्या मान हलवत म्हणाल्या, असा विचार कधी केला नव्हता.

खरा घोळ सूर्याचा. निघायच्या आधीच मी वेळा काढून ठेवल्या होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात डोरनॉकला सूर्योदय साडेचारच्या आत आणि सूर्यास्त दहानंतर. उगवल्यानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटं सोडली तर सव्वापाचपासून रात्री दहापर्यंत खायची मुभा! मला हे फसवणुकीसारखं वाटत होतं. रात्री नऊला जेवायचं आणि म्हणायचं, माझा रात्रीभोजनत्याग आहे? सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "सूर्य दिसतोय म्हणून खाणार, की भूक लागली म्हणून?" मग मी तिथल्या घड्याळात संध्याकाळी सात ही माझी मर्यादा ठरवली. पडदे जाड आहेत ना, हेही घर घेतानाच विचारून ठेवलं होतं.

गंमत ह्यांची झाली. घरी ह्यांचं जेवण कधीच दिवसाउजेडी होत नाही, कितीही सांगा. तिथे संध्याकाळी स्ट्रुईवर खेळून साडेआठ-नऊला परत यायचे, आणि जेवायला बसायचे ते खिडकीतून ऊन ताटात पडलेलं असताना. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा नियम चालू झाला की हो!" सात दिवस ह्यांच्याकडून एकदाही रात्रीभोजन झालं नाही. पुण्य कितपत लागलं ते केवली जाणोत.

मोठ्या मैदानाचा दिवस गुरुवारचा. सकाळपासून वारा. उजवीकडे समुद्र, डावीकडे चढावर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. गॉर्स म्हणतात त्याला. जवळ गेलं की चक्क खोबऱ्याचा वास येतो. मला क्षणभर वाटलं, कुणीतरी वड्या थापतंय. मी बरोबर चालत होते, हातात जपमाळ. आपलं एक सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं, तर ह्यांच्या चार तासांच्या एका फेरीत पाच सामायिकं बसतात, असा माझा हिशोब. पण वाऱ्यात मन कुठलं लागायला! प्रत्येक चढावर माझे डोळे ह्यांच्या पाठीवर.

चौदाव्या होलला 'फॉक्सी' म्हणतात. त्यावर वाळूचा एकही खड्डा नाही, तरी फार अवघड म्हणून त्याचं नाव आहे. तिथे दोन फटके मारले आणि हे एकदम बाजूला उंचवट्यावर बसले. काठी खाली ठेवली. माझ्या पोटात गोळा आला. धावत गेले. "छातीत दुखतंय?"

"नाही गं. बस जरा."

मागून दोघे येत होते, त्यांना हात करून पुढे जाऊ दिलं. बराच वेळ हे समुद्राकडे बघत बसले. मी ह्यांचं मनगट धरून ठोके मोजत होते, ते ह्यांना कळलंही असेल. मग म्हणाले, "वहीतल्या बेताप्रमाणे आपण आज दुपारी गाडीत असतो."

"हो."

"मी थकलोय." हे वाक्य ह्यांच्या तोंडून दवाखान्यातसुद्धा ऐकलं नव्हतं. "उरलेले नाही खेळत. नुसतं चालत जाऊ."

चार होल राहिले. अठराव्यापर्यंत आम्ही ट्रॉली ओढत चालत आलो. घरी येऊन मुगाची खिचडी खाल्ली आणि हे पाच वाजता झोपले ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उठले. शुक्रवार मोकळाच होता. आम्ही लॉक फ्लीटच्या खाडीवर गेलो, वाळूवर सील पसरले होते, लेकराबाळांसकट. ह्यांनी राहिलेल्या चार होलचं नाव काढलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी लेकीबरोबर गावात फिरताना एका बागेत एक दगड दाखवला. १७२७ साली जेनेट हॉर्न नावाच्या म्हातारीला चेटकीण ठरवून या गावात जाळलं. दगडावर मात्र साल १७२२ कोरलंय. तिने म्हणे लेकीची घोडी केली आणि सैतानाकडून नाल ठोकून घेतले. लेकीचे हातपाय जन्मतः वाकडे होते, एवढंच खरं असणार. मुलगी माझा हात घट्ट धरून उभी होती. णमोकार म्हटला आणि निघालो.

शनिवारी ब्रोरा. ते मैदान मात्र तुम्ही पाहायलाच हवं. सार्वजनिक चराईचं रान असल्यामुळे मेंढ्या आणि गाई मैदानावर खुशाल चरत असतात आणि गोल्फवाल्यांनी त्यांच्या कलाने खेळायचं. चेंडू जिथे शेवटी भोकात घालतात त्या हिरवळीभोवती गुडघ्याएवढी विजेची तार, तेवढीच काय ती जनावरांना मनाई. ताज्या शेणात चेंडू पडला तर उचलून, पुसून बाजूला टाकायची सवलत आहे. एक गाय ह्यांच्या चेंडूपुढे बसली होती. हे दहा मिनिटं थांबले. येरवड्याला पुढचा गट हळू चालला तर चिडणारा हा माणूस! याच सदरलँडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदारांनी मेंढ्यांसाठी पिढ्यानपिढ्यांची कुळं उठवली, घरं पाडली, हे जावयांनी तिथेच सांगितलं. आमच्या माहेरी शेती. ते ऐकल्यावर मेंढ्यांकडे पहिल्यासारखं बघवेना. त्यांचा काय दोष म्हणा.

टेन राहूनच गेलं. सोमवारी पाऊस होता आणि ह्यांनी स्वतःच सांगितलं, घरीच बसू. भजी केली, कोबीची.

पुण्याला पोचलो तेव्हा सासूबाई दारातच बसल्या होत्या. ह्यांना आधी खालपासून वरपर्यंत बघितलं, पाणी दिलं, मग माझ्याकडे वळल्या.

"काय गं, रात्री दहाला सूर्य बुडतो म्हणत होतीस. कसा दिसतो?"

"कुणाला माहीत, आई," मी म्हटलं. "आम्ही रोज त्याच्या आधीच झोपत होतो."